‘आम्ही’ आणि ‘आपण’ : ‘नाइटक्रॉलर’ या चित्रपटातील व्यवसायनीती

१

डॅन गिलरॉय यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘नाइटक्रॉलर’ हा अमेरिकन चित्रपट २०१४ साली प्रदर्शित झाला. लॉस एंजेलिस शहरात रात्रीच्या वेळी अपघात, आगी आणि खून यांच्या जागी धावत जावयाचे, तेथील दृश्ये टिपावयाची आणि पहाटेच्या बातमीपत्रासाठी ती दूरचित्रवाणी-वाहिन्यांना विकावयाची, असा धंदा आरंभून त्यात ‘यशस्वी’ होणाऱ्या लुई ब्लूम नावाच्या तरुणाची ही कथा आहे. या यशाच्या मार्गात चोरी, ब्लॅकमेल, पुराव्याची लपवालपव आणि अखेरीस मनुष्यवध ही सर्व स्थानके येतात. तथापि शेवटी नायकास शिक्षा होत नाही, त्याचा धंदा वाढतो. पटकथेला ऑस्करचे नामांकन लाभले, आणि ब्लूमची भूमिका करणाऱ्या जेक जिलनहॉल यांच्या अभिनयाची पुष्कळ वाखाणणी झाली.

या चित्रपटाकडे सामान्यतः वृत्तवाहिन्यांवरील उपहास म्हणून पाहिले जाते. हा अर्थ चुकीचा आहे असे नाही. पण तो अपुरा आहे. रक्तपाताची बातमी अग्रस्थानी जाते हे सांगण्यासाठी कोणालाही दोन तासांचा चित्रपट काढावयास नको. तो सिद्धान्त कथेच्या आरंभीच एक अनुभवी चित्रणकार ब्लूमला एका वाक्यात सांगून मोकळा होतो. त्यानंतर जे घडते त्याचा विषय बातमी हा नसून नोकरी हा आहे. धनी जेव्हा ‘वुई’ म्हणतो तेव्हा त्यात कोण कोण येते, आणि किंमत मोजण्याची वेळ आली की त्यातून कोणाला वगळले जाते, हा या चित्रपटाचा मूळ प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. इंग्रजीत एकाच शब्दाआड दडलेला हा प्रश्न मराठीतून पाहिला असता अधिक स्पष्ट दिसतो. कारण इंग्रजी जेथे एक सर्वनाम वापरते तेथे मराठीला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

२

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद मराठी भाषिकास शिकवावा लागत नाही. ‘आम्ही उद्या नाशिकला जाणार’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा घरी राहतो; ‘आपण उद्या नाशिकला जाणार’ असे म्हटले तर त्यालाही सामान बांधावे लागते. पहिले सर्वनाम श्रोत्याला वगळणारे, दुसरे त्याला सामावून घेणारे. गुजरातीत हा भेद आहे. तमिळ आणि तेलुगू या द्राविड भाषांतही तो स्पष्ट आहे, आणि मराठीतील त्याच्या दृढतेचा संबंध द्राविड भाषांच्या सान्निध्याशी जोडला जातो. एमिल बेन्व्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९४६ सालच्या एका निबंधात असे दाखविले की, प्रथमपुरुषी अनेकवचन हे खऱ्या अर्थाने ‘मी’चे अनेकवचन नव्हेच. ‘मी’ एकच असतो. त्याच्याभोवती ‘मी’ नसलेल्या कोणाकोणाला गोळा करून ‘वुई’ तयार होते. ते गोळा केलेले कोण, हे काही भाषा बोलून दाखवितात, काही दाखवीत नाहीत.

मराठी ‘आपण’ची व्याप्ती एवढ्यावर थांबत नाही. ते समोरच्या व्यक्तीसाठी अतिशय आदरार्थी सर्वनाम आहे (‘आपण बसावे’), आणि ते आत्मवाचकही आहे (‘आपण बरे, आपले काम बरे’). सर्वांना सामावणारे, समोरच्याला मान देणारे आणि केवळ स्वतःपुरते असणारे, असे तीन अर्थ एकाच शब्दात नांदतात. मुंबईच्या बोलण्यात ‘आपण कोणाला भीत नाही’ असे म्हणणारा मनुष्य बहुधा एकटाच असतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. वगळणारे ‘आम्ही’ हे अनीतीचे आणि सामावणारे ‘आपण’ हे नीतीचे, अशी सोपी वाटणी करता येणार नाही. मराठी वृत्तपत्रांत बातमीच्या माथ्यावर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे छापतात. ‘आपल्या प्रतिनिधीकडून’ असे कोणी छापत नाही. या ‘आमच्या’मध्ये वाचक नसतो, आणि तो नसावा हेच उचित आहे. बातमी आणणारा आमचा. ती चुकली तर दोष आमचा. वाचकाने केवळ आमचा झाडा घ्यावा, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात इतरांनी पुरविलेली पत्रे विश्वासाने प्रसिद्ध केल्याबद्दल, ती बनावट ठरल्यावर, १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. पत्रे त्यांनी लिहिलेली नव्हती. पण वृत्तपत्र त्यांचे होते. संपादकीय ‘आम्ही’चे वजन ते हेच. तात्पर्य, वृत्तव्यवसायाच्या नीतीला दोन्ही सर्वनामांची गरज आहे : केलेल्या कामाची जबाबदारी घेणारे ‘आम्ही’, आणि त्या कामाची झळ ज्यांना लागते त्यांना माणसांत मोजणारे ‘आपण’. ‘नाइटक्रॉलर’मध्ये ही दोन्ही क्रमाक्रमाने कशी नाहीशी होतात ते आता पाहू.

३

ब्लूम प्रथम दिसतो तो तारेचे कुंपण चोरताना. त्याला हटकणाऱ्या पहारेकऱ्यावर तो हल्ला करतो आणि त्याचे घड्याळ घेऊन जातो. लगोलग तो चोरीचा माल भंगारवाल्याला विकतो, भावाची घासाघीस करतो आणि त्याच बैठकीत त्याच्याकडे नोकरी मागतो. ही मागणी ज्या भाषेत येते ती ऐकण्यासारखी आहे. स्वतःची परिश्रमशीलता, उच्च ध्येये, चिकाटी यांचे वर्णन तो सलग, न अडखळता, पाठ केल्याप्रमाणे करतो. भंगारवाला चोराला कामावर ठेवण्याचे नाकारतो. संपूर्ण चित्रपटात ब्लूमची भाषा आणि ब्लूमची कृती यांची सांगड घालून पाहणारा आणि त्याप्रमाणे वागणारा धनी हा एवढाच. चोरीचा माल मात्र तोही विकत घेतो, हे विसरता कामा नये.

पुढे एका महामार्गावरील अपघातस्थळी ब्लूमला जो लोडर हा चित्रणकार भेटतो (ही भूमिका बिल पॅक्स्टन यांची) आणि त्याला धंद्याची दिशा सापडते. चोरलेल्या सायकलीच्या बदल्यात तो एक कॅमेरा आणि पोलिसांचे बिनतारी संदेश ऐकण्याचे यंत्र मिळवितो. या यंत्राला इतिहास आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘वीजी’ या नावाने प्रसिद्ध असलेले आर्थर फेलिग १९३८ पासून आपल्या मोटारीत असा ग्राहक बाळगून गुन्ह्यांच्या जागी पोहोचत आणि छायाचित्रे वृत्तपत्रांना विकत. गिलरॉय यांना या विषयाचे आकर्षण प्रथम वीजीच्या छायाचित्रांतूनच वाटले.

ब्लूमला मग हाताखाली माणूस लागतो. रिक हा गरजू तरुण, ज्याला राहण्याचे धड ठिकाण नाही, मुलाखतीस येतो. मुलाखत घेणाऱ्याचे कार्यालय नाही, कंपनी केवळ नावापुरती आहे. पण प्रश्न एखाद्या मोठ्या पेढीत विचारावेत तसे विचारले जातात. जे काम देऊ केले जाते त्याला इंग्रजीत ‘इंटर्नशिप’ म्हणतात. आपला जुना शब्द ‘उमेदवारी’. रिक मोबदल्याची चौकशी करतो तेव्हा रात्रीला तीस डॉलर ठरतात. रिझ अहमद यांनी हा संकोची, भेदरलेला, पण मूर्ख नसलेला तरुण अतिशय संयमाने उभा केला आहे.

या दोघांतील संवाद मराठीत आणावयाचा झाला तर अनुवादकापुढे पहिलाच पेच उभा राहील : ब्लूमने रिकला काय म्हणावे, ‘तू’ की ‘तुम्ही’? ब्राउन आणि गिल्मन यांनी १९६० साली सत्तेची सर्वनामे आणि सलगीची सर्वनामे असा भेद मांडला होता. इंग्रजीने तो भेद केव्हाच टाकून दिला असल्याने ब्लूमची सोय होते. तो रिकला नावाने हाक मारतो, समजुतीच्या सुरात बोलतो, त्याच्या कामाचे मूल्यमापन करतो, प्रगतीसाठी सूचना देतो. यांत कोठेही हुकूम नाही आणि तरी सर्व हुकूमच आहे. ‘तू’ म्हटले तर मालकी उघड होईल, ‘तुम्ही’ म्हटले तर अंतर उघड होईल. इंग्रजी ‘यू’ दोन्ही झाकून ठेवते. आणि ‘वुई’चा पेच याहून कठीण आहे. कंपनीच्या भवितव्याविषयी ब्लूम बोलतो तेव्हा अनुवादकाने ‘आपली कंपनी’ म्हणावे की ‘आमची कंपनी’? कामाच्या वेळी ती ‘आपली’ असते. वाट्याच्या वेळी ती ‘आमची’, किंबहुना ‘माझी’ असते.

हा पेच केवळ अनुवादाचा नाही, कथेचाच आहे, याचा पुरावा लोडरच्या अपघाताच्या प्रसंगात मिळतो. लोडर ब्लूमला आपल्यासोबत येण्याचे निमंत्रण देतो. ब्लूम ते नाकारतो. पुढे लोडर त्याच्यावर बातमीत मात करतो तेव्हा ब्लूम त्याच्या गाडीत बिघाड करून ठेवतो. गाडी आदळते. रक्तबंबाळ लोडरला रुग्णवाहिकेकडे नेले जात असताना ब्लूम कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर रोखतो. रिक कळवळून म्हणतो की हा आपल्यातलाच आहे. ब्लूमच्या उत्तराचा आशय असा की, आता नाही. आता तो विकावयाचा माल आहे.

रिकच्या तोंडचे वाक्य इंग्रजीत आहे. पण मराठी कानाला ते ‘आमच्यातला’ असे ऐकू येऊच शकत नाही, ‘आपल्यातला’ असेच ऐकू येते. चित्रपटात सामावणाऱ्या सर्वनामाचा निखळ उच्चार एवढाच, आणि तो सर्वांत कमी वेतनाचा मनुष्य करतो. लोडर प्रतिस्पर्धी आहे. त्याने रिकचे काही भले केलेले नाही. तरीही एकाच रात्रीत, एकाच रस्त्यावर, एकच काम करणारा म्हणून तो रिकला आपला वाटतो. व्यवसायबंधुत्व ही काही फार उदात्त नीती नव्हे. पण ती निदान एक पायरी आहे, आणि ब्लूम ती पायरीच काढून घेतो. त्या क्षणी रिकने ओळखावयास हवे होते की जो लोडरला वगळू शकतो तो उद्या आपल्यालाही वगळील. त्याने ते ओळखले नाही असे नाही. पण त्याला तीस डॉलरांची गरज होती.

४

आता वाहिनीच्या कचेरीकडे वळू. नीना ही एका मागे पडलेल्या स्थानिक वाहिनीची पहाटेच्या बातम्यांची प्रमुख. तिचा करार संपत आला आहे, प्रेक्षकसंख्येवर तिची नोकरी अवलंबून आहे, आणि त्या व्यवसायात वय वाढलेल्या स्त्रीला दुसरी संधी सहसा मिळत नाही, याची तिला जाणीव आहे. रेनी रुसो यांनी ही भूमिका खलनायिकेची होऊ दिलेली नाही. ब्लूमला ती जे समजावून देते त्याचा सारांश असा : प्रेक्षकांना रुची आहे ती शहरातील गुन्हेगारी हळूहळू सुखवस्तू उपनगरांत शिरत आहे या गोष्टीची, म्हणून बळी शक्यतो संपन्न आणि गौरवर्णीय असावा, आणि अपराधी गरीब किंवा अल्पसंख्य असावा.

सर्वनामांच्या भाषेत बोलावयाचे तर हा वाहिनीच्या ‘आपण’चा नकाशा आहे. उपनगरांतील घरे आत. उरलेले शहर बाहेर. गरिबांच्या वस्तीत रोज होणारा खून हा ‘त्यांच्या’तला, म्हणून बातमीमूल्य नसलेला. हा केवळ पटकथाकाराचा कल्पनाविलास नव्हे. २०१० साली मार्टिन कॅप्लन आणि मॅथ्यू हेल यांनी लॉस एंजेलिसच्या स्थानिक बातमीपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अर्ध्या तासाच्या सरासरी बातमीपत्रात स्थानिक शासनविषयक बातम्यांना अवघे २२ सेकंद मिळत असल्याचे आढळले होते. चित्रपटात ब्लूमदेखील नीनाला हाच २२ सेकंदांचा आकडा ऐकवितो. समाजचिंतकाला ज्या आकड्याने खेद व्हावा, त्यात ब्लूमला बाजारपेठ दिसते.

नीनाने तीन खुनांचे चित्रण घेतले तो प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. ग्रॅनाडा हिल्स या सुखवस्तू भागात एका घरात शिरून खून झाले आहेत. ब्लूम पोलिसांच्या आधी तेथे पोहोचला; त्याने खुनी आणि त्यांची गाडी टिपली, घरात हिंडून प्रेते टिपली, आणि खुन्यांचा भाग काढून ठेवून उरलेले विक्रीस आणले. हे दाखविता येईल का, असे नीना विचारते तेव्हा वाहिनीची वकील उलट विचारते की, कायद्याच्या दृष्टीने का? नीना उपरोधाने म्हणते की नाही, नीतीच्या दृष्टीने. आणि लगेच सांगते की अर्थातच कायद्याच्या दृष्टीने. फ्रँक हा सहकारी आक्षेप घेतो. त्याचा आक्षेप ऐकला जातो आणि काम पुढे चालू राहते. पुढे या खुनांचा संबंध त्या घरातील अंमली पदार्थांशी असल्याचे उघड होते, म्हणजे तेथे कोणी निरपराध कुटुंब सहज सावज म्हणून निवडले गेले नव्हते. ही माहिती बातमी दुबळी करील म्हणून नीना ती बाजूला ठेवते. येथे ‘आपण’ खोटे ठरल्यावरही ते टिकवून धरण्यासाठी ‘आम्ही’ची जबाबदारी टाकून दिली जाते.

ही जबाबदारी टाकणे इतके सोपे का झाले? कारण चित्रण करणारा वाहिनीचा नाही. लॉस एंजेलिस हे स्थानिक थेट बातमीचे एक मूळपीठ आहे. एप्रिल १९४९ मध्ये कॅथी फिस्कस ही लहान मुलगी जुन्या विहिरीच्या नळात पडली तेव्हा केटीएलए वाहिनीने सुमारे सत्तावीस तास त्या सुटकेच्या प्रयत्नांचे सलग प्रक्षेपण केले. मुलगी वाचली नाही. त्या प्रक्षेपणाबद्दल कोणाला काही विचारावयाचे असते तर वाहिनीचीच माणसे तेथे उभी होती. रात्रीच्या घटना बाहेरच्या चित्रणकारांकडून विकत घेण्याच्या पद्धतीत खर्चाबरोबर उत्तरदायित्वही दाराबाहेर राहते. ब्लूम अपघातातील मृतदेह चौकटीत नीट बसावा म्हणून ओढून हलवितो. गोळीबार झालेल्या घरात शिरून शीतकपाटावरील कौटुंबिक छायाचित्रे गोळीच्या भोकांशेजारी मांडतो. वाहिनीने हे केले नाही. वाहिनीने ते केवळ विकत घेतले.

अमेरिकेतील व्यावसायिक पत्रकारांच्या संघटनेने आपली आचारसंहिता सुधारून स्वीकारली तीही सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे टोरांटो महोत्सवात हा चित्रपट प्रथम दाखविला गेला त्याच महिन्यात. सत्याचा शोध घ्यावा, हानी कमीत कमी करावी, स्वतंत्रपणे वागावे, उत्तरदायी असावे, अशी तिची चार सूत्रे आहेत. सूत्रे उत्तम आहेत. परंतु कोणतीही स्वेच्छेची संहिता ‘आम्ही पत्रकार’ असे मानणाऱ्यालाच बांधते. ब्लूम कोणत्याच ‘आम्ही’चा सभासद नाही.

५

वृत्तव्यवसायावरील जुन्या चित्रपटांशी तुलना केली असता हा बदल ठळक होतो. बिली वाइल्डर यांच्या ‘एस इन द होल’ (१९५१) या चित्रपटातील चक टेटम हा पत्रकार गुहेत अडकलेल्या माणसाची सुटका बातमी वाढावी म्हणून लांबवितो आणि तो मनुष्य मरतो. अपराधाच्या दृष्टीने टेटम आणि ब्लूम यांत फार अंतर नाही. पण टेटम ज्या छोट्या वृत्तपत्रात काम करतो तेथील भिंतीवर सत्य सांगण्याची आज्ञा भरतकाम करून टांगलेली असते, आणि तेथे ती आज्ञा मानणारा संपादक असतो. टेटम त्या आज्ञेची टिंगल करतो, म्हणजे ती त्याला ठाऊक असते. त्याच्याही हाताखाली हर्बी नावाचा तरुण छायाचित्रकार आहे, आणि टेटम त्याला बिघडवितो. तथापि शेवटी स्वतः मरणोन्मुख असताना तो हर्बीला त्या संपादकाच्या दारी परत आणून सोडतो. बिघडवलेल्या ‘आपण’ची ती परतफेड आहे.

ब्लूमच्या जगात अशी भिंत नाही आणि परत नेण्याजोगे दारही नाही. रिकचा शेवट आठवावा. खुन्यांचा माग काढून, ते गर्दीच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत थांबून, मगच पोलिसांना कळवावयाचे, असा ब्लूमचा बेत आहे. गोळीबार झाला तर चित्रण अधिक मोलाचे होणार आहे. रिकला बेताचा धोका कळतो, आणि प्रथमच तो धन्याच्याच भाषेत बोलतो : बक्षिसात अर्धा वाटा द्या, नाहीतर मी बोलेन. वाटाघाटीत समोरच्याची निकड ओळखून तिचा लाभ घ्यावा, हा धडा त्याने ब्लूमकडूनच घेतला होता. ब्लूम मान्य करतो. थोड्याच वेळात पाठलागाच्या अंती आदळलेल्या गाडीतील खुनी मेला आहे असे सांगून तो रिकला चित्रण करण्यास पुढे पाठवितो. खुनी जिवंत असतो. रिकला गोळी लागते, आणि ब्लूम मरणाऱ्या रिकचे चित्रण करीत त्याला कारण सांगतो : ज्याच्यावर विश्वास टाकता येत नाही असा मनुष्य कंपनीला परवडत नाही. बडतर्फीची सूचना आणि देहदंड यांची भाषा एकच आहे. ‘आपली कंपनी’ म्हणून ज्याला रात्ररात्र जागविले, त्याने ‘आपली’ या शब्दाचा अर्थ शब्दशः घेऊन अर्धा वाटा मागितला, एवढाच त्याचा अपराध.

त्यानंतर वाहिनीच्या कचेरीत हे चित्रण पाहताना नीना भारावून जाते, आणि फ्रँकजवळ अशा आशयाचे उद्गार काढते की लूमुळे आपण सर्वजण थोडे अधिक उंच झेपावू लागलो आहोत. येथे ‘आपण सर्वजण’ हे सर्वनाम सर्वांत व्यापक होते, आणि नेमके त्याच क्षणी ते सर्वांत पोकळ असते. कारण त्यातून आताच एक मृतदेह वगळला गेलेला आहे.

६

चित्रपटाचे दोषही नोंदविले पाहिजेत. पहिला असा की, ब्लूमला आरंभीच हिंसक चोर म्हणून दाखवून आणि त्याला खंगलेली मुद्रा व पापणी न लवणारी नजर देऊन दिग्दर्शकाने प्रेक्षकाला एक पळवाट ठेवली आहे. हा मनुष्य विकृत आहे, आपण तसे नाही, असे म्हणून कोणीही निश्चिंत घरी जाऊ शकतो. महत्त्वाकांक्षा माणसाला कशी बदलते हे येथे दिसत नाही, कारण ब्लूम बदलतच नाही. या दृष्टीने नीनाचे चरित्र अधिक मोलाचे होते : तिला काय गमवावयाचे आहे ते आपल्याला कळते, आणि ती प्रत्येक वेळी एकच पायरी खाली उतरते. चित्रपटाचे केंद्र तिच्याकडे असते तर तो अधिक अस्वस्थ करणारा झाला असता.

दुसरा दोष अधिक खोल आहे. रॉबर्ट एल्सविट यांच्या छायाचित्रणाने रात्रीचे लॉस एंजेलिस विलक्षण आकर्षक झाले आहे. पाठलागाच्या दृश्यांत आपण खुर्चीच्या कडेवर येतो आणि ब्लूमला दृश्य मिळावे अशी नकळत इच्छा करतो. येथपर्यंत ही योजना असू शकते. परंतु ज्यांच्यावर संकट कोसळले त्यांच्यापैकी कोणाचेही जीवन आपल्यापुढे उलगडत नाही. ब्लूमच्या कॅमेऱ्यासाठी जे केवळ दृश्य आहेत, ते गिलरॉय यांच्या कॅमेऱ्यासाठीही बव्हंशी दृश्यच राहतात. वाहिनीने आखलेल्या ‘आपण’च्या सीमेवर टीका करणारा चित्रपट ती सीमा स्वतः ओलांडीत नाही.

हे दोष असूनही चित्रपटाचे यश एका गोष्टीत निर्विवाद आहे. त्याने कामाच्या ठिकाणची भाषा नेमकी पकडली आहे. ब्लूमचे बोलणे इंटरनेटवरील अभ्यासक्रमांतून उचललेले आहे. त्यात व्याकरणाची चूक नाही, शिष्टाचाराची चूक नाही. ज्या संस्थेत हीच भाषा रोज बोलली जाते तेथे असा मनुष्य ओळखू कसा यावा, हा खरा भयप्रद प्रश्न आहे. चित्रपटाच्या अखेरीस ब्लूमजवळ दोन गाड्या आणि तीन नवे उमेदवार आहेत. जे मी स्वतः करणार नाही ते मी तुम्हाला कधीही करावयास सांगणार नाही, असे आश्वासन तो त्यांना देतो. हे वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि म्हणूनच त्यात कोणतेही संरक्षण नाही. कारण तो स्वतः काय काय करतो हे त्या तिघांना ठाऊक नाही.

७

आपल्या विभागातून पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी काही अनुवादाकडे जातील, काही वृत्तपत्रांत, काही वाहिन्यांत. आणि आरंभ बहुतेकांचा उमेदवारीनेच होईल. त्यांना ‘आपले कुटुंब’, ‘आपली संस्था’, ‘आपले ध्येय’ हे शब्द ऐकावयास मिळतील, आणि ते नेहमीच खोटे असतील असे मानण्याचे कारण नाही. पण भाषेच्या अभ्यासकाजवळ एक साधे मापन आहे. कामाच्या वेळी ‘आपण’ म्हणणारा धनी वाटणीच्या वेळी कोणते सर्वनाम वापरतो, आणि चूक झाली असता ‘आम्ही चुकलो’ असे म्हणतो की ‘ते बाहेरच्या माणसाने केले’ असे म्हणतो, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

ब्लूमचे सर्वनाम शेवटी कोणते ठरते? तो सर्वांना सामावणारे ‘आपण’ बोलतो, समोरच्याला मान देणारे ‘आपण’ही त्याला साधते, पण त्याच्या जीवनात खरे असते ते तिसरे, आत्मवाचक ‘आपण’. ‘आपण बरे, आपले काम बरे’ ही म्हण आपल्याकडे निरुपद्रवी सज्जनाचे लक्षण म्हणून सांगितली जाते. शेजारचा मनुष्य रक्तात पडला असतानाही तिचे पालन करणारा कसा दिसेल, याचे उत्तर ‘नाइटक्रॉलर’ने दिले आहे.